मावळातली दातांची कीड

भुईरिंगणी ही जमिनीलगत पसरणारी काटेरी वनस्पती. फुलं जांभळी, फळं पिकली की पिवळी, आणि पानांच्या शिरांवरसुद्धा काटे. मुळशी खोऱ्यातल्या पौडहून पुण्याकडे येताना पडीक माळांवर ती उगवते आणि गुरंही तिच्या वाटेला जात नाहीत. पण एके काळी दाढ ठणकू लागली की महाराष्ट्रातल्या गावोगावी हिचं बी शोधलं जाई. तेला-तुपात माखलेलं बी निखाऱ्यावर टाकायचं, वर भोक पाडलेली करवंटी किंवा मडकं पालथं घालायचं, भोकात पोकळ नळी बसवायची आणि येणारा धूर दुखऱ्या दाढेशी धरायचा. धुरानं तोंडाला पाणी सुटे. ती लाळ पाण्याच्या भांड्यात पडू दिली की थोड्या वेळानं पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे तुकडे तरंगताना दिसत. जाणकार बोटानं दाखवत, ही बघा कीड. बघणाऱ्यांची खात्री पटे आणि रोग्याला निदान त्या रात्रीपुरतं तरी बरं वाटे.

या उपचाराला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दाताच्या आत एखादा जीव बसून तो पोखरतो, ही कल्पना मावळातली नव्हे आणि महाराष्ट्रातलीही नव्हे. बाबिलोनमधल्या मातीच्या विटेवर दातातल्या किड्याविरुद्धचा मंत्र कोरलेला सापडला आहे. सुश्रुतानं दातांचे जे आठ रोग सांगितले, त्यांत कृमिदंतक आहे. युरोपात तर अगदी असाच धुराचा प्रयोग खुरासानी ओव्याच्या जातीतल्या हेनबेन या झाडाच्या बियांनी शतकानुशतकं चालला. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं किडलेल्या दातांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. किडे काही त्याला दिसले नाहीत. पुढे १७५७ मध्ये जर्मनीत जेकब शेफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या त्या 'किड्यां'चा उलगडा केला: ते बियांमधून बाहेर पडलेले अंकुर होते. हेनबेन आणि भुईरिंगणी ही दोन्ही झाडं वांग्याच्याच कुळातली आणि या कुळातल्या बियांमधला अंकुर मुळातच वळलेला असतो. उष्णतेनं बी फुटलं की तो वाकडा पांढरा तुकडा बाहेर येतो. युरोपातले आणि मुळशी खोऱ्यातले जाणकार एकमेकांना कधी भेटले नाहीत. फसगत मात्र दोघांची एकाच कुळातल्या बियांनी केली.

आणि तरीही सगळीच फसगत नव्हती. दात पोखरणारे जीव खरोखरच होते, फक्त डोळ्यांना दिसणारे नव्हते. १६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या अँटनी लेवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांमधला पांढरा चोथा आपल्या भिंगाखाली पाहिला आणि त्यातल्या हलणाऱ्या जिवांचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवलं. त्या जिवांचा कीड लागण्याशी संबंध जोडायला मात्र दोनशे वर्षं जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडलं की तोंडातले जंतू अन्नातली साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९२४ मध्ये लंडनमध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला आणि त्याला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स असं नाव दिलं.

पुणे जिल्ह्यात दातांची सर्वांत जुनी कहाणी पौडच्या बाजूला नाही. ती पुणे ओलांडून पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही या कामातली प्रमुख नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० असा हा वस्तीचा काळ. लोक सातू पिकवत, थोडा गहू, मसूर-कुळीथ, जोडीला गुरं आणि शिकार. माणसं घरातच, जमिनीखाली पुरली जात. मोठ्या माणसाला उताणं ठेवून पावलं घोट्यापासून तोडलेली असत. लहान मुलांना मातीचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत. पुरलेल्यांत बहुतांश मुलंच होती, त्यामुळे संशोधकांच्या हाती दुधाच्या दातांचा असा साठा आला जो जगात फार ठिकाणी मिळत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी हे दात वर्षानुवर्षं अभ्यासले. हाड कुजतं, दात टिकतो. आणि दात घडत असताना शरीरावर जे ताण आले, त्यांची नोंद इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचावर, कायमची राहते. आजारपणात किंवा उपासमारीत घडलेल्या इनॅमलवर आडव्या रेघा आणि खळगे पडतात, आणि एकदा पडले की ते भरून येत नाहीत. इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या दातांवर असे खळगे सापडले. कीड लागण्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं, कारण गुळगुळीत इनॅमलपेक्षा खडबडीत जागी जंतूंना आसरा पटकन मिळतो आणि घासूनही तिथून ते सहजी हलत नाहीत.

लुकाक्स यांनी पुढे २००८ मध्ये जगभरच्या पुरावशेषांचा आढावा घेऊन एक मुद्दा मांडला. शेती आल्यावर कीड वाढली, पण ती पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त वाढली. बायका स्वयंपाकघरात येता-जाता खातात, एवढंच कारण त्यांना पटलं नाही. शेतीबरोबर बाळंतपणांची संख्या वाढली, गरोदरपणात लाळेचं प्रमाण आणि गुणधर्म बदलतात, आणि लाळ हेच दाताचं पहिलं संरक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जंतूंच्या बाजूनंही शेतीचा पुरावा मिळतो. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्सच्या ५७ नमुन्यांची जनुकं तपासून २०१३ मध्ये संशोधकांनी असा अंदाज बांधला की या जंतूची संख्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून, म्हणजे माणूस शेतीकडे वळला त्या सुमारास, झपाट्यानं वाढू लागली.

मुळशी खोरं मात्र सातूचं नव्हे, भाताचं. जुन्या मावळांच्या याद्यांत पौड खोऱ्याचं नाव येतं आणि आज पौड हे मुळशी तालुक्याचं मुख्यालय आहे. खालच्या खाचरांत भात, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. वैशाखात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून पेटवायच्या. राखेला इथे कधी तोटा नव्हता. दात घासायलाही राखच. शेणीची राख, भाताच्या तुसाची राख, कोळशाची पूड, त्यात चिमूटभर मीठ: ही राखुंडी. तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते. तिनं दात पांढरे दिसत, पण वर्षानुवर्षं जोर लावून घासलं तर इनॅमलही झिजे.

राख नको असेल तर काडी. कडुलिंब, बाभूळ, करंज, खैर. काडीचं टोक चावून कुंचला करायचा आणि बांधावर फिरता-फिरता घासत राहायचं. सुश्रुतसंहितेत दातवणासाठी कडू रसात कडुलिंब, तुरट रसात खैर, तिखट रसात करंज श्रेष्ठ सांगितला आहे. मावळातल्या शेतकऱ्यानं ती संहिता वाचलेली नसली तरी झाडं तीच होती. खैराचं इथे आणखी एक नातं. मुळशीच्या डोंगरांत राहणाऱ्या कातकरी समाजाचा पिढीजात धंदा खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढण्याचा. त्यांचा कात पुण्या-मुंबईच्या पानाच्या डब्यात जाई. १८७८ चा वन कायदा आल्यावर जंगलातली तोड सरकारच्या ताब्यात गेली आणि हा धंदा मोडत गेला. कातकरी कोळसा पाडण्याकडे, वीटभट्टीकडे, मजुरीकडे वळले. दुसऱ्यांचे दात रंगवणारा माल तयार करणाऱ्या या लोकांच्या स्वतःच्या दातांबद्दल मात्र जुन्या दफ्तरांत कोणी फारसं लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आता प्रश्न असा की रोज इतकं घासूनही कीड का लागे, आणि नंतरच्या काळात ती इतकी का वाढली? उत्तर इनॅमलच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या व्यवहारात आहे.

दात कितीही स्वच्छ घासला तरी काही मिनिटांत लाळेतली प्रथिनं त्यावर अतिशय पातळ थर धरतात. जंतू थेट इनॅमलला चिकटत नाहीत, या थराला चिकटतात. सगळ्यांत आधी येतात ते तुलनेनं निरुपद्रवी: स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, स्ट्रेप्टोकॉकस ओरॅलिस, अ‍ॅक्टिनोमायसिस. त्यांच्या पृष्ठभागावर लाळेतल्या ठरावीक रेणूंना पकडणारी प्रथिनं असतात. मग दुसरे जंतू या पहिल्यांना धरून बसतात, तिसरे दुसऱ्यांना, आणि एक दाट वस्ती उभी राहते. म्युटन्सकडेही लाळेच्या थराला धरणारं एक प्रथिन आहे, पण नुसत्या त्याच्या जोरावर त्याची पकड काही फार भक्कम नसते. त्याची खरी ताकद साखरेत आहे. साधी साखर, म्हणजे सुक्रोज, तोंडात आली की म्युटन्स आपल्या विकरांनी तिचे दोन तुकडे करतो आणि त्यातल्या ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी गुंफतो. ही साखळी पाण्यात विरघळत नाही. चिकीच्या पाकात शेंगदाणे बसावेत तसे जंतू तिच्यात घट्ट बसतात. उरलेली साखर खाऊन ते आम्ल सोडतात आणि हे आम्ल त्या चिकट थराखाली कोंडलं जातं, लाळेला ते धुऊन काढता येत नाही. आम्लतेचं मोजमाप, म्हणजे पीएच, सुमारे ५.५ च्या खाली गेलं की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट निघून जाऊ लागतं.

भाताच्या किंवा नाचणीच्या पिष्टापासून आम्ल तयार होतं, पण हा चिकट पदार्थ थेट तयार होत नाही. त्यासाठी सुक्रोजच लागतं. आणि सुक्रोज गुळातही असतंच, किंबहुना गुळाचा बहुतांश भाग तोच असतो. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना निर्धोक, ही समजूत रसायनशास्त्राला मान्य नाही. फरक होता तो वेळांचा. मावळातल्या घरात गूळ सणाला निघे, पुरणाला, तिळाच्या लाडवाला, बाळंतिणीच्या खाण्याला. रोज, दिवसातून चार वेळा नव्हे.

वेळांचा हा हिशेब १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवला. साखरेच्या पाण्यानं चूळ भरली की दातावरच्या थराचा पीएच काही मिनिटांत कोसळतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. प्रत्येक घासाबरोबर नवी घसरण. त्याच दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खायला घालून किती दात किडतात ते पाहिलं गेलं. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळेत टॉफी खाणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. निष्कर्ष आजही वापरले जातात. प्रयोग मात्र लाज वाटावी असा होता, कारण त्या माणसांना नाही म्हणण्याची सोयच नव्हती.

मुळशीत हा मधल्या वेळेचा गोडवा आला तो चहातून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चहा उत्पादकांच्या संस्थांनी बाजारांत, गिरण्यांत, रेल्वे स्टेशनांवर चहा करून पाजण्याची मोहीमच चालवली. मुळशीकरांचा शहराशी संबंध तेव्हा घट्ट होत होता, आणि त्यामागे एक कटू कारणही होतं. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं, ५२ गावांच्या जमिनीवर संकट आलं, आणि १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. १९२४ पर्यंत तो चालला. धरण झालंच, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. मावळ-मुळशीतली माणसं मुंबईत गिरणीत, हमालीत, डबे पोहोचवण्याच्या कामात आधीपासून होतीच. शेती गेलेल्यांना तर मजुरीवाचून दुसरा रस्ता उरला नाही. मजुरीच्या दिवसात भाकरीच्या दोन वेळांमध्ये गोड चहा हाच आधार असतो. चहाची सवय मुंबईहून गावाकडे आली असणार, असं मानायला हरकत नाही.

साखरही त्याच सुमारास स्वस्त होऊ लागली. १९३२ च्या संरक्षण कायद्यानं परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि देशातल्या कारखान्यांची संख्या चार-पाच वर्षांत तिशीच्या आसपासहून शंभराच्या वर गेली. पुणे जिल्ह्यातच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राचं राजकारणच उसाभोवती फिरू लागलं. मावळ-मुळशीच्या वाट्यालाही पुढे कासारसाई-दारुंब्रे इथला संत तुकाराम साखर कारखाना आला. सहकारी साखरेचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत शेअर, गाळप, उतारा, निवडणुका सगळं असतं. दाढांचा उल्लेख मात्र नसतो.

युरोपात जुन्या सांगाड्यांच्या दातांवर दगडासारख्या घट्ट झालेल्या थरातून जंतूंचा डीएनए काढून २०१३ मध्ये एक अभ्यास झाला. तिथे कीड लावणारे जंतू खऱ्या अर्थानं वरचढ झाले ते औद्योगिक क्रांतीनंतर, कारखान्यातलं पांढरं पीठ आणि पांढरी साखर ताटात आल्यावर. महाराष्ट्राच्या खेड्यांत हा बदल उशिरा आला आणि फार वेगानं, जेमतेम दोन पिढ्यांत घडला.

कीड घरातच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे अमेरिकेत पॉल काइज आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड यांनी हॅमस्टरवर १९६० च्या सुमारास दाखवलं. म्युटन्स जन्मतः तोंडात नसतो. दात फुटल्यावर तो बहुधा आईच्या लाळेतून येतो, चाखून भरवलेल्या घासातून, एकाच चमच्यातून. माया आणि जंतू एकाच वाटेनं येतात म्हणून भरवणं कोणी थांबवायचं नसतं. आईची स्वतःची कीड आधी दुरुस्त करणं हा त्यावरचा डॉक्टरी मार्ग.

पण आईच्या तोंडात आणखी एक पदार्थ असे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांना लावायची: मिसरी. पुणे जिल्ह्याच्या खेड्यांत बायकांची सकाळ तिच्याशिवाय सुरू होत नसे. दातांची स्वच्छता हे निमित्त, सवय तंबाखूची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले फली मेहता आणि कोपनहेगनचे जेन्स पिंडबोर्ग यांच्या पथकानं महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये तोंडाच्या कर्करोगाबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढ्या लोकांना घरोघर जाऊन तोंड उघडायला लावणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मिसरी कीड थांबवते, हा बायकांचा विश्वास होता. दाढ दुखायची थोडी थांबे, ती तंबाखूच्या बधिरपणानं. १९९२ मध्ये केंद्र सरकारनं दातांच्या मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्याला ती लागू होण्यासारखी नव्हती.

शहरात या मधल्या काळात पावडरींचं राज्य होतं. नाशिकची बिटको काळी. १९३७ मध्ये मुंबईत कंपनी नोंदवलेली कोलगेट. आणि परळच्या घरातून १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढारकर यांनी सुरू केलेली विको. वज्रदंती म्हणजे आपली काटेकोरांटी, आणि तिच्या नावावर उभ्या राहिलेल्या या मंजनाला औषध म्हणायचं की सौंदर्यप्रसाधन, यावरून अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं खटला चालला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि विको जिंकली. खेड्यात दाढ काढण्याचं काम तोवर न्हावी किंवा एखादा धीट जाणकार करी. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं होतं, दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये आला, पण नोंदणी झालेला दंतवैद्य पौडसारख्या गावी पोहोचायला आणखी कित्येक वर्षं गेली. २००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेनं देशभर पाहणी केली, तेव्हा बारा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या दातांना कीड लागलेली होती.

राहता राहिली काडी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या दंतशाळेतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये कडुलिंबाच्या काडीचा अर्क घेऊन नेमकं चिकटण्याचंच गणित तपासलं. दाताच्या खनिजावर लाळेचा थर देऊन त्यावर स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू सोडले. अर्कात आधी भिजवलेले काही जंतू त्या पृष्ठभागाला पूर्वीइतके चिकटले नाहीत, आणि साखरेपासून चिकट साखळी तयार करण्याचं त्यांचं कामही मंदावलं. प्रयोग काचेच्या नळीतला, माणसाच्या तोंडातला नव्हे. शिवाय विरघळू लागलेलं इनॅमल पुन्हा घट्ट करणारं फ्लोराइड काडीतून मिळत नाही. ते पेस्टमधून येतं आणि भारतात त्याची मर्यादा दहा लाख भागांत एक हजार अशी ठरलेली आहे. तरी रान तुडवत अर्धा-अर्धा तास काडी चघळणाऱ्या मावळ्याच्या तोंडात लाळ भरपूर सुटत असे, जंतूंचा थर रोजच्या रोज मोडत असे, आणि घरी परतल्यावर त्याच्यासमोर साखरेचा चहा नसे.